काबो

बोटीच्या हजेरीपटात त्याचं नाव सगळ्यांत खाली,
रुझार कुझनेरानं पेन्सिलीनं लिहिलेलं : काबो.
नावही तेच, हुद्दाही तोच.
पगार, सुंगटांची डोकी, रोज मूठभर.
काम, कोठारातले उंदीर
आणि रात्रपाळीच्या पोराशेजारी नुसतं बसून राहणं.

पलटणीत काबो म्हणजे नाईक.
आमच्या कारंजाळ्यात काबो म्हणजे जमिनीचं नाक,
जिच्या एका अंगानं मांडवी, दुसऱ्या अंगानं जुवारी
एकमेकींचं तोंड न बघता समुद्राला जाते.
मी दहा वर्षांचा. मला दोन्ही अर्थ ठाऊक होते.

पहाटे बाबा पोदेराचे उंडे होडीत घालून
त्या राखी बोटीपाशी नेत. मी पाणी उपसायला.
वरून दोरीनं टोपली यायची,
आणि कठड्यावरून वाकलेलं एक पांढरं तोंड
मोजून घ्यायचं.
एकदा एक उंडा कमी भरला.
मांजरानंच पकडलं, असं बाबा मरेपर्यंत सांगत.

डिसेंबरात उंडे वाढले, मग एकाएकी बंद.
बाबांनी होडी माडांत ओढली, वर झावळ्या टाकल्या,
जशी काही होडी सोडून दुसरं काही
आमच्याकडे लपवण्यासारखं नव्हतं.

सोमवारी आभाळ फाटलं, असं म्हणायची पद्धत आहे.
मला आठवतो तो आवाज, कपाटावर कपाट पडल्याचा,
आणि मधे बराच वेळ काहीच नाही.
त्या रिकाम्या वेळात आमची कोंबडी
अंडं घालून ओरडली.

संध्याकाळी बोट वाळूत तोंड खुपसून बसलेली.
माणसं पोहत आली,
अनवाणी, तेलानं काळी, माझ्या मोठ्या भावाएवढी.
आईनं पेज वाढली. सगळ्यांनी घेतली,
रुझारनं नाही. तो गुडघाभर पाण्यात उभा राहून
धुराकडे एकच शब्द टाकत होता :
बिशान, बिशान.

मग ट्रक आला.
रुझार माजोर्ड्याचा, आपल्यातलाच,
पण अंगावर वर्दी होती. त्यालाही नेलं.

चौथ्या दिवशी, भरतीच्या रेषेवर काबो.
एक कान जळलेला, अंगाला डिझेल,
चाल मात्र बोटीवरचीच :
प्रत्येक पाऊल थोडं थांबून,
आता जमीन कलेल म्हणून.

शेजारचा बाबल म्हणाला, शत्रूचं मांजर.
आई म्हणाली, मग तू धर उंदीर.
आम्ही माऊ म्हटलं, मनी म्हटलं,
ताटली वाजवली. तो ढिम्म.
शेवटी आईनं इकडे तिकडे पाहिलं,
पदर तोंडावर धरला
आणि चोरी केल्यासारखी म्हणाली : बिशान.

आला.

जानेवारीत माझं पुस्तक बदललं, नाणी बदलली.
पोदेर तोच, उंडाही तेवढाच,
फक्त किमतीला बाबांना बोटं लागायची.
काबो रात्री बारा ते चार सोप्यावर बसे,
समुद्राकडे तोंड करून,
पाळी बदलायला कोणी येईपर्यंत.
कोणी येत नसे.
एकदा मी लघवीला उठलो,
आणि परत आत गेलो नाही.

शिगम्याचे ढोल चालू असताना
जाळ्यांच्या ढिगात काबोला तीन पिल्लं झाली.
बाबल हसून लोळला.
बाबा नाही हसले. म्हणाले,
रुझारला ठाऊक असणार.
लढाईच्या बोटीवर बाईला जागा नाही,
म्हणून त्यानं हुद्दा दिला.

फणस पिकायला लागले तेव्हा रुझार आला,
निम्मा झालेला, दुसऱ्याच्या शर्टात.
ढिगाशी उकिडवा बसला. हाक मारली.
तिचा जळका कान तेवढा हलला.
पिल्लं पीत होती, ती उठली नाही.

बराच वेळानं त्यानं आईला विचारलं,
काय घालता हिला?
सुंगटांची डोकी, आई म्हणाली. मूठभर.
त्यानं मान हलवली,
खिसे चाचपले,
पेन्सिल नव्हती.