अठ्ठाविसावा दिवस

आमच्या गावात घरांना भिंती नाहीत.
नुसते खांब, वर छप्पर,
आणि पाऊस आला की दोऱ्या सोडून
उतरवायच्या विणलेल्या झावळ्यांच्या झडपा.
सवाईईच्या या किनाऱ्यावर
रस्त्यानं जाणाऱ्यालाही कळतं
कोण जेवतंय, कोण रुसलंय,
कुणाची चटई आज रिकामी आहे.

छातीतलं तेवढं कळत नाही.
त्यासाठी मी हे यंत्र आणते, बोटीतून,
मांडीवर धरून.

इओपु डाव्या कुशीवर निजतो.
गार जेल लागताच खुदकन हसतो.
वय अकरा. पळताना मागे पडतो, एवढंच.
"घसा दुखला होता?"
"कुणाचा दुखत नाही?" त्याची आई म्हणते.
मग आठवून आठवून सांगते :
आधी उजवा गुडघा सुजला,
तो उतरला तर डावा घोटा धरला,
मावशीनं खोबरेल चोळलं,
वाढीचं दुखणं म्हणाले सगळे.

पडद्यावर लाल आत जातं
आणि थोडं निळं होऊन मागे फिरतं.
थोडंच.
पण झडप मिटली असती
तर तेवढंही फिरलं नसतं.

कसं सांगू तिला?
घशात जंतू शिरला, अंग लढायला उठलं,
जंतूचा चेहरा त्यानं पक्का लक्षात ठेवला.
जंतू गेला.
तसाच चेहरा मग त्याला दिसला
स्वतःच्याच हृदयात.
सुक्याबरोबर ओलंही जळतं, बाई,
आणि पेटवणारा परका नसतो.

"पुन्हा घसा धरला तर पुन्हा जळेल.
म्हणून दर अठ्ठावीस दिवसांनी सुई.
एकविसाव्या वर्षापर्यंत तरी."
इओपु बोटांवर हिशेब मांडतो,
बोटं संपतात.

बारा लाख युनिट.
नारळाच्या घट्ट दुधासारखं औषध, सुईत अडतं.
मी कुपी मुठीत ऊब देत बसते,
भूल मिसळते, हळूहळू सोडते.
तरी दुखतंच. दुखत नाही असं
मी कधी कुणाला सांगितलेलं नाही.

सहाव्या वेळी तो आलाच नाही.
पाण्यात होता, खडकांपलीकडे,
मला पाहून आणखी लांब गेला.
मी किनाऱ्यावर बसून राहिले, बर्फाचा डबा वितळत,
शेवटची बोट चुकली.
संध्याकाळी तो आला, ओलाच,
हातात दोन मासे, लाच म्हणून.

मी सांगितलं, मला एक बहीण होती, लागिमाइना.
चर्चमध्ये तिचा आवाज सगळ्यांच्या वर जायचा.
सातवा महिना लागला
आणि तिला आडवं होता येईना,
उशांवर उशा रचून बसल्या बसल्या
श्वासातच बुडाली. सव्वीस वर्षांची.
झडपेचं कळलं ते त्याच रात्री.

इओपु बराच वेळ माशांकडे पाहत राहिला.
"तिला किती सुया दिल्या होत्या?"
"एकही नाही."

तो पालथा झाला.
औषध संपेपर्यंत मोठ्यानं
बोटींची नावं म्हणत राहिला.

मग मी कॅलेंडरवर पुढची तारीख लिहिली,
तर उठून म्हणतो, हा तर मुलांचा रविवार,
पांढरे कपडे घालून पहिल्या बाकावर बसायचंय,
बसवणार नाही मला.
शनिवारी येशील?

सत्ताविसावा दिवस.
चालतो, म्हटलं. एक दिवस अलीकडे
केव्हाही चालतो.