नऊ हजार तास

रेश्मा भालशंकर स्टुलावर चढते,
सिंकवरच्या डब्याचे चार स्क्रू सोडवते,
म्हणते, वहिनी, आधी बटण बंद करा,
ह्याच्याकडं उघड्या डोळ्यांनी बघायचं नसतं.

मी तर दोन वर्षं बघतेय.
रात्री अडीचला पाणी प्यायला उठलं
की झाकणाच्या फटीतून ओट्यावर
बोटभर निळं सांडलेलं असतं.
वाटायचं, चला, घरात कुणीतरी जागं आहे.

ती हसते.
तो निळा काही करत नाही हो.
करतो तो दिसत नाही.
हा आपला वरातीतल्या करवलीसारखा,
मिरवायला.

आतून काचेची नळी निघते,
तिच्यावर पांढरं पुट, कांजी वाळल्यासारखं.
धायरीतलं आमचं बोअरचं पाणी,
त्यात टँकरचं,
त्यात आलंच तर कॉर्पोरेशनचं,
तिघांनी मिळून लिंपलेलं.
व्हिनेगरच्या फडक्यानं ती पुसते,
बाळाचे कान पुसावेत तशी.
ही साधी काच नव्हे, म्हणते,
साध्या काचेतून हा उजेड पलीकडं जातच नाही.

साध्या काचेतून मी पाहिलं होतं
शर्वाणीच्या डोळ्यांत उतरलेली हळद.
तो जून. सहा आठवडे बिनतेलाचं घर.
सासूबाईंनी कुठूनशी आणलेली काविळीची माळ,
जी म्हणे रोज लांब होते.
मी केमिस्ट्रीची पदवीधर,
रोज सकाळी टेप लावून मोजायचे.

हा दिवा कधी बदलला होता?
बदलला नाही. जळतोय की अजून.
जळतोय, पण संपलाय.
नऊ हजार तास असतात त्याला.
पुढं उजेड राहतो, जोर जातो.

मी बोटांवर हिशेब करते.
वर्ष आणि वर दहा दिवस.
म्हणजे उरलेले साडेअकरा महिने
आम्ही करवलीच्या भरवशावर पाणी प्यायलो,
पाहुण्यांनाही दिलं,
आणि कुणाला काही झालं नाही.
हे जास्त भीतीचं की कमी, कळेना.

नवा दिवा बसवता बसवता ती सांगते,
मारत नाही वहिनी हा जंतूला.
त्याच्या आतल्या धाग्याला गाठ मारतो, एवढंच.
मग त्याला पिलावळ नाही.
एकटा येतो पोटात, एकटा जातो.
मात्र पाणी गढूळ असलं
की कणाच्या सावलीला दडून बसतो लबाड,
म्हणून आधी ती गाळणी.
आणि एक, हा उजेड मागं रेंगाळत नाही.
नळाबाहेर पडलं की पाणी तुमचं,
भांडं तुमचं, हात तुमचे.

तुझ्याकडे कुठलं मशीन गं?
आमच्याकडं पातेलं.
जनता वसाहतीत, वरच्या गल्लीला.
पर्वतीची टाकी उशाशी,
आणि नळाला धार करंगळीएवढी.
उकळते रोज.
महिनाअखेरीला सिलिंडर हलका लागला
की उकळीपण हप्त्यानं.

सातशे चाळीस झाले.
मी आठशे दिले, तिनं साठ मोजून परत केले.
पहिलं दोन लिटर कढीपत्त्याला घाला, म्हणाली.
तिसऱ्या लिटरातला पेला मी तिला दिला.
तिनं तो आधी खिडकीकडे धरून पाहिला,
सवयीनं,
आणि एका दमात संपवला.
जुना दिवा कचऱ्यात नको, पारा असतो त्यात,
म्हणून पेपरात गुंडाळून
सॅकमध्ये डब्याशेजारी उभा ठेवला.

रात्री अडीच.
ओट्यावर बोटभर निळं,
कालच्यासारखंच, हुबेहूब.
मी मोठा दिवा लावते,
झाकणावर तिनं स्केचपेननं लिहिलेली तारीख वाचते,
मग पेला भरते.