ङ

शाळेतल्या तक्त्यावर ङ पुढे चित्र नसायचं.
क कमळाचा, ख खटाऱ्याचा, ग गवताचा, घ घराचा,
आणि मग तो, रिकाम्या चौकटीत,
कमरेत वाकलेला, शेजारी एक टिंब.
बाई म्हणायच्या, याच्यापासून शब्द सुरू होत नाही. पुढे चला.
पुढे गेलो. चाळीस वर्षं.

तुलागीच्या धक्क्यावर, मासे गोठवायच्या यंत्रापाशी
मी एका गॅस्केटची वाट बघत होते.
होनिआराहून गुरुवारची बोट, मग पुढल्या गुरुवारची.
नेस्टाने विचारलं, कुठे आलीयस, माहीत आहे का?
"गेला," मी म्हटलं. नकाशावर तसंच होतं.
तिने सुरी खाली ठेवली
आणि माझ्या नाकावर बोट टेकलं, खवल्यासकट.
"आधी इथून. मग घसा."
ङ्गेला.
मोठं ते ङ्गेला सुले, धाकटं ते ङ्गेला पिले,
मधल्या खाडीचं नाव म्बोली.
माझीच बोली, फक्त आधी ओठ मिटलेले.
त्यांचा ब असाच येतो,
दुसऱ्याच्या अंगणात शिरण्याआधी
माणूस खाकरतो तसा.

वाले घर. ताही समुद्र. वुला चंद्र. उहा पाऊस,
जो हे शब्द वहीत उतरवताना पडतच होता.
एकही शब्द व्यंजनावर मिटत नाही.
माझ्या जिभेला शेवटचा स्वर गिळायची खोड;
नेस्टाचा नातू हडली, वय अकरा, लगेच ओरडे:
"दार लोटू नकोस!"

लिमा, मी लिहिलं, हात.
नेस्टाने पेन्सिल काढून घेतली. कुणाचा?
लिमागू माझा. लिमामू तुझा. लिमाना त्याचा.
नुसता हात नसतो का?
"नुसता सापडला तर पोलिसांना बोलावतो."
हसून हसून तिला ठसका लागला.
मोजताना मात्र लिमा म्हणजे पाच;
केहा, रुआ, टोलू, वाती, लिमा,
तेवढ्यापुरता हात कुणाचाच नसतो.

मग तिने विचारलं,
आमचं नाव तुमच्याकडे काही होतं का?
मी यंत्राकडे पाहिलं. एक पाना पुसला, जो स्वच्छच होता.
"नाकातलं काढलं तर होतं. गेला.
म्हणजे, तो इथे होता, आता नाही.
बाजाराला गेला तरी तेच,
आणि कायमचा गेला तरी तेच."
ती खाडीकडे बघत राहिली.
क्लेमेंट, तिचा मुलगा, सावोच्या बाजूला होडी घेऊन.
इंजिन मिळालं होतं.
"एकच शब्द?"
"एकच."
बराच वेळ ती बोनिटोचं पोट साफ करत होती.
"म्हणूनच ते नाकातलं सोडायचं नाही," ती म्हणाली,
आणि पुढचा मासा घेतला.

तिसऱ्या गुरुवारी गॅस्केट आलं. रात्री बर्फ धरला.
धक्क्यावर कुणीतरी विचारलं, कुणी दुरुस्त केलं?
नेस्टा म्हणाली, इगिता.
इगामी म्हणाली असती तर ते आम्ही;
त्यात मी नसते.
ती आपण म्हणाली.
हा फरक मला कुणी शिकवावा लागला नाही,
तरी मी तिथून उठून
उगीच नळ्यांवर हात फिरवत राहिले.

निघताना हडलीने वही मागितली,
माझ्या लिपीतलं त्याच्या बेटाचं पहिलं अक्षर पाहायला.
मी मोठा ङ काढून दिला.
त्याने वही आडवी धरली, उभी धरली.
"गळ आहे हा," म्हणाला, "आणि हे टिंब आमिष."
आणि इगा? मासा कुठाय?
त्याने माझ्याकडे असं पाहिलं
की हे काय विचारणं झालं.
"आत्ताच तर टाकलाय."