आधी पान

अर्जाची मुदत रात्री बारापर्यंत.
पसंतीक्रमाचे दहा रकाने, नऊ रिकामे.
पहिल्यात बाबांनीच सकाळी भरून ठेवलंय : बी. एम. एस.
वर हसून म्हणाले,
"आडनावच कारखानीस. विषय कसला शोधतेस?"

नौपाड्यातल्या सल्लागार बाईंनी
दोन हजार रुपयांत माझा एक गोल काढून दिला,
चकचकीत कागदावर, पाच रंगांत कापलेला.
नेतृत्व : ब्याऐंशी टक्के.
आईला विचारलं, उरलेले अठरा कुठे सांडले असतील?
म्हणाली, ओट्यावर बघ, सकाळची भांडी तशीच आहेत.

कळव्याचा मामा म्हणतो, आधी इंजिनीअर, मग एम. बी. ए.
मामी म्हणते सी. ए., हिशेब ज्याच्या हाती त्याच्या हाती सगळं.
वरच्या मजल्यावरचे प्रधान काका
अर्थशास्त्राच्या बाजूने इतके बोलले
की चहावर साय धरली.

मी उठले आणि बाबांचा डबा घेऊन निघाले.

वागळे इस्टेट, गाळा नंबर सात.
इथे स्प्रिंगा होतात.
पेनातल्या केसाएवढ्या, ट्रकखालच्या मनगटाएवढ्या,
आणि दाबल्यावर ज्या परत येत नाहीत
त्या दाराजवळच्या निळ्या पिंपात.
अकरा माणसं, एक मांजर, आणि तेलाचा वास
जो बाबांच्या अंगाला रविवारीही असतो.

बाबा बॉटनीचे पदवीधर.
त्या साली दुसरीकडे जागाच उरली नव्हती, म्हणून.
आजोबांनी वर्षभर कपाळावरचा हात काढला नाही :
स्प्रिंगांना काय पानं फुटणार आहेत?

डब्याचं झाकण निघतंय तोवर गजानन पाष्टे आला.
मुरबाडहून सकाळीच परतलेला.
खिशातून रुमाल, रुमालातून पान काढलं,
चलनांच्या शेजारी ठेवलं.
"साहेब, ह्याचं नाव काय?"
बाबांनी चष्मा कपाळावर ढकलला, पान उजेडात धरलं,
मागची लव बोटाने चाचपली,
लॅटिनमध्ये काहीतरी लांबलचक बोलले
आणि विचारलं, "तुमच्याकडे काय म्हणतात?"
गजाननने सांगितलं. बाबांनी चलनाच्या पाठीवर उतरवून घेतलं.
मग दोघं गप्प.
प्रेस मशीन तीनदा आपटलं.
"थोरलीचं जमलंय, साहेब.
वीस हजार उचल पायजे होती."

तेव्हा आठवलं :
सुशीला भोईरांनी नाल्याकाठचं जांभळं फूल आणलं होतं
त्या दिवशी, ज्या दिवशी त्यांना सांगायचं होतं
की नवा सुपरवायझर हात लावून बोलतो.
(दुसऱ्या दिवशी तो नव्हता.)
आणि रफीकचाचांनी नोकरी सोडण्याआधी
अख्खी फांदीच आणली होती.

बाबांना विचारलं तर म्हणतील,
छे गं, मला कसली माणसं सांभाळता येतात,
मला फक्त झाडांची नावं येतात.

घरी आले. रात्री साडेअकराला पुन्हा अर्ज उघडला.
बी. एम. एस. खोडलं नाही, चौथ्यावर सरकवलं.
प्रत्येक विषयाला एकच प्रश्न विचारला :
तुला घेतलं तर माझ्या टेबलावर
कोण काय आणून ठेवेल?
बरेचसे विषय खाली बघायला लागले.

पावणेबाराला लिहिलं : भूगर्भशास्त्र.
पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं.
बाबा मागे येऊन उभे होते, मला कळलंच नाही.
"दगड?"
बराच वेळ पंख्याचाच आवाज.
मग म्हणाले, "बरंय. वाळत तरी नाहीत."

पुढच्या सोमवारी गजाननने
रुमालातून दगड काढला, फुटलेला,
आत पांढऱ्या स्फटिकांची दाटी.
माझ्यासमोर ठेवला. बाबांसमोर नाही.
मला नाव येत नव्हतं. तसं सांगून टाकलं.
तो हसला. पण गेला नाही.
तिथेच उभा राहिला, रुमालाची घडी घालत,
मोडत, पुन्हा घालत.

मी स्टूल पुढे सरकवलं.