वयाचा रकाना

यादी माझ्याकडे आली, कारण मी संख्याशास्त्राची.
नुझहत म्हणाली, तुला सवय आहे, तूच नीट लाव.
कालिनाच्या वाचनालयात, आवाज करणाऱ्या पंख्याखाली
मी नऊ हजार ओळी उघडल्या:
नाव, बापाचं नाव, वय.

वर्गात शिकवलंय तसंच केलं.
दुबार नोंदी काढल्या,
रिकाम्या जागा पिवळ्या केल्या.
वयाच्या रकान्यात बरीच शून्यं होती.
शून्य म्हणजे माहिती नाही असं धरलं
आणि एक कळ दाबून सगळी गाळली.

सरासरी थोडी वर सरकली.
आलेख सुबक दिसू लागला.
मी खाली चहाला गेले.

कँटीनमध्ये ऑस्कर डाबरे
बहिणीचा कसलासा फॉर्म भरत बसला होता.
"वय वर्षांत मागतायत गं,
भाची तर चार महिन्यांची. काय लिहू?"

मी म्हणाले, शून्य लिही.

चहा तिथेच राहिला.

परत आणली सगळी.
किती होती ते मोजलं नाही.
मोजणं हे एवढं एकच काम मला येतं, तरी.

फोर्टातल्या छपाईवाल्याने कागद उलटासुलटा पाहिला.
राजकारण आहे का यात?
आहे, म्हटलं.
मग लग्नाचं काही असेल तेव्हा या, म्हणाला.
म्हणून मंगलदासमधून मांजरपाट आणलं, चाळीस मीटर,
आणि हाताने लिहिलं, हॉस्टेलच्या व्हरांड्यात, चार रात्री.
नुझहत घशातून उच्चार शिकवायची.
"यझान म्हण. य-झान. जहाजाचा ज नाही."

जहाज.
बाबा माझगावच्या गोदीत वेल्डर.
युद्धनौकेच्या पोटात पत्र्याला पत्रा जोडतात,
त्यांच्या ओव्हरटाइमवर माझी फी.
जेवताना म्हणाले, आपली बोट फक्त गस्तीला.
मी विचारलंच नव्हतं.
नंतर पुष्कळ वेळ कापडाकडे बघत उभे राहिले,
मग आईचं मशीन ओढून कडेला टीप घालायला बसले.
सुटं कापड वाऱ्याला फाटतं, एवढंच बोलले.

आझाद मैदान. परवानगी तीन ते पाच.
घोषणा नकोत, माईक नको, माणसं पंचवीस.
हवालदार गावित बाई, हातात आमच्याच अर्जाची झेरॉक्स,
मोजत होत्या. एकोणीस झालो.
आम्ही कापड अंथरलं आणि वाचायला लागलो.
कुणी थांबत नव्हतं.
पलीकडे दोरीच्या पार सातआठ सामने एकमेकांत मिसळलेले,
कुणाचा फिल्डर कुणाच्या पिचवर.

सव्वाचारला एक चेंडू घरंगळत कापडावर आला.
मागोमाग पोरगा, पॅड बांधलेला, बाराएक वर्षांचा.
बुटांनी कापड मळेल म्हणून काठावरच थांबला,
वाकून वाचू लागला.
नाव. शून्य. नाव. शून्य. नाव. तीन. नाव. शून्य.

"ताई, हा कुठल्या टीमचा स्कोअर?
एवढे सगळे शून्यावर?"

नुझहतने पुढचं नाव अर्धंच सोडलं.
ऑस्कर त्याच्या बुटांकडे बघत राहिला.
मला उत्तर येत होतं, शब्द येत नव्हते.
गावित बाईंनी चेंडू उचलला,
त्याच्या हातात दिला, म्हणाल्या, जा बाळा, खेळ.
आणि तोंड फिरवून उगाच
रिकाम्या वॉकीटॉकीत काहीतरी बोलल्या.

पाच वाजले, पाच वाजून गेले.
आम्ही अजून पहिल्याच अक्षरावर होतो.
ती म्हणाल्या त्याप्रमाणे, ही ओळ होऊ द्या,
मग ही पण होऊ द्या,
मग खरंच आवरा, साहेब येतील.

गुंडाळताना कळलं, शेवटच्या मीटरची शाई ओली होती.
घरी उलगडलं तेव्हा
एकाचं नाव दुसऱ्याच्या वयावर उमटलं होतं.

पुढच्या शनिवारचा अर्ज दिलाय.
कारणाच्या जागी लिहिलंय:
वाचन अपुरं राहिलं.