शेरा

तासगावात समुद्र नाही.
बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे, त्याच्या मागल्या गल्लीत
माझी खोली, आणि खोलीत
दक्षिणेकडल्या कुठल्याशा बेटाचे
एकशेबारा तासांचे व्हिडिओ.

काम सांगायला सोपं.
किनाऱ्यावर ते पडलेले असतात, ओल्या पोत्यांसारखे.
कान दिसतात ते समुद्रसिंह, दिसत नाहीत ते सील.
एक माणूस येतो, नारिंगी बादली ठेवतो, निघून जातो.
मग मी घड्याळ लावायचं:
कोण किती सेकंदांत मान उचलतं,
कोण हुंगायला सरकतं, कोण पाणी गाठतं.
धीट की बुजरा, एक ते पाच.
वीस मिनिटं झाली की फाइल बंद.

आप्पांना वाटलं, सील म्हणजे
तहसीलदार गोदामाला ठोकतात ते.
फोटो दाखवला. बराच वेळ बघून म्हणाले,
"याला मिशा आहेत की."

नावं ठेवायची नाहीत, अशी सूचना आहे.
नाव आलं की नजर बिघडते, असं साहेबांचं म्हणणं.
आमच्या गल्लीचं अर्धं आयुष्य नावं ठेवण्यात गेलंय,
त्यांना काय सांगू.
चौदा नंबर मनातल्या मनात वकील झालाच:
बादलीभोवती तीन फेऱ्या,
मग तिच्यावरच हनुवटी टेकून झोप.
नववीनं कडी चावली.
बाविसावा पहिल्या वर्षी पळाला, दुसऱ्या वर्षी पळाला,
तिसऱ्या वर्षी बादली यायच्या आधीच पळाला.
याला त्यांच्या कागदांत लांबलचक शब्द आहे.
आम्ही म्हणतो, स्वभावाला औषध नाही.

आणि सदतीस.
मादी. वल्ह्यासारख्या डाव्या पायावर जुना व्रण.
तीन वर्षं, तीन बादल्या.
मान नाही, सरकणं नाही, पळणं नाही.
तक्त्यात तीनदा माझ्याच हातचं: प्रतिसाद नाही.

हौसाक्का रतीब घालायला आली,
मी पातेलं शोधेस्तोवर पडद्यासमोर उभी राहिली.
"ही झोपली न्हाई," म्हणाली.
"आमची मोरी अशीच. पेंड ठिवली की तोंड फिरवनार.
मी गोठ्यातनं भाईर पडले की मग."

दूध तापत ठेवलं, फाइल बंद करायची राहिली.
वीस मिनिटं. बावीस. धीट मंडळी कंटाळून पांगली.
वाऱ्यानं बादली आडवी केली.
एकतिसाव्या मिनिटाला सदतीस उठली.
आली. घाई नाही.
बादलीच्या काठाला मिशा लावल्या, फक्त मिशा,
झोपलेल्या लेकराचा ताप बघावा तशा,
आणि थांबली.
चार मिनिटं सोळा सेकंद, फीत संपेपर्यंत.
दूध उतू गेलं होतं.

जुन्या फायली काढल्या.
एका वर्षी पस्तिसावं मिनिट.
दुसऱ्या वर्षीचा कॅमेरा आधीच बंद झालेला.

मलाही एकदा विट्याहून लोक बघून गेले होते.
चहा, चार प्रश्न, भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर.
"मुलगी बोलत नाही," असा निरोप आला.
मी बोलणार होते.
ते गेल्यावर बरंच बोललेही,
कपबशा विसळताना.

तक्त्यात सदतीससाठी रकाना नाही.
अगदी शेवटी एक अरुंद 'शेरा' आहे, बहुतेक कोराच जातो.
त्यात लिहिलं: वीस मिनिटांनंतर येते.
खोडलं. लिहिलं: सगळे गेल्यावर येते.
साहेबांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं.
नियम वीस मिनिटांचाच. धन्यवाद.

प्रतिसाद नाही, तसंच राहू दिलं. शेराही.
हल्ली प्रत्येक फीत शेवटपर्यंत चालू ठेवते,
त्याचे पैसे मिळत नाहीत.
रिकामा किनारा. आडवी बादली.
पोती उचलल्यावर राहतात तसे वाळूवर ओले डाग.
सकाळी हौसाक्का दारातूनच विचारते,
"आली का गं?"
मी पातेलं पुढे करते.