जाळीतला पापुद्रा

धुण्याचं यंत्र थांबलं. ज्याचे कपडे, त्याचा पत्ता नाही.
ओडवेग बाकावर, मांडीवर बादली,
मुठीत पितळी बिल्ला गरम होत चाललेला.
खिडकीबाहेर फ्योर्ड, आणि तंबूंची ओली रांग.

पाटी म्हणते: दहा मिनिटं थांबा, मग काढा.
ती दहा थांबली, वर आणखी दहा.
पाटी लिहिणाऱ्याला लहान मुलं नसावीत.

मग काढले. इवले पायजमे, एक जड स्वेटर,
परक्याची अंतर्वस्त्रं, नजर खिडकीकडे ठेवून.
टोपलीत ठेवले. घड्या घातल्या नाहीत;
घडी घालणं म्हणजे ओळख दाखवणं.
ड्रमला चिकटलेला अंगठ्याएवढा मोजा
तेवढा सगळ्यांत वर.

संध्याकाळी वाळवणीच्या यंत्राची जाळी तिने खरवडली:
करडा, मऊ पापुद्रा.
डच कुत्र्याचे केस, कुणाची लाल लोकर,
सिग्वाल्डच्या शर्टाचा निळा,
जो ती आता झोपताना घालते.
कचरापेटी दोन पावलांवर होती.
तिने तो खिशात टाकला.

रात्री लाकडं दमट. पापुद्रा एका काडीत पेटला.
धुरातून एक बाई आली, कडेवर मूल.
"तुम्हीच काढलेत?"
"वीस मिनिटं थांबले होते."
आता माफी कुणी मागायची, हे पाटीवर नव्हतं.
बाईने मोजा
शेकोटीजवळच्या दगडावर वाळत घातला.